परक्या जागेवरचं रेल्वे संग्रहालय रिकामं करायचंय : कागद, लोखंड आणि नवी जागा (मिरज)

नॅरोगेज७६२

मिरजेजवळचं स्वयंसेवकांनी चालवलेलं रेल्वे संग्रहालय बंद होतंय, हे इथल्या बऱ्याच जणांच्या कानावर आलं असेल. संस्थेचं, जागामालकांचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव कृपया धाग्यावर घेऊ नका, बोलणी अजून चालू आहेत. कोण चुकलं हा विषयच नको. मुदतीत सामान सुखरूप बाहेर काढायचं कसं आणि न्यायचं कुठे, एवढंच बोलू.

परिस्थिती थोडक्यात अशी. जागा एका बंद तेलगिरणीच्या आवारातली. सुरुवातीला मालकांची तोंडी परवानगी, मग एकदाच अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, पुढे नूतनीकरण नाही. मालक वारले, वारसांनी आवार विकलं आणि खरेदीदाराने ९० दिवसांत जागा मोकळी करण्याची नोटीस दिली आहे.

आत नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या) दोन बोगी वाघिणी आहेत, म्हणजे चाकांच्या दोन सुट्या गाड्यांवर, बोगींवर, बसलेले मालडबे, मीटरगेजची एक चारचाकी बंद वाघीण, ६० मीटर नॅरोगेज लोहमार्ग, दोन सेमाफोर (हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचे) खांब, सिग्नल हलवायची सहा तरफांची लिव्हर फ्रेम, एका वेळी एकच गाडी लाईनवर सोडणाऱ्या टोकन यंत्रांची जोडी, हातदिवे, आणि दोन कपाटं भरून कागद.

ज्यांना मिरजेच्या नॅरोगेज लाईनची माहिती नाही त्यांच्यासाठी : बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट (७६२ मिलिमीटर). एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळं ५ टन आसभाराच्या (एका आसावर येणाऱ्या वजनाच्या) हिशेबाने आखलं, म्हणून हलक्या रुळांवर भरपूर माल ओढता आला. पुणे लाईन ब्रॉडगेज झाल्यावर ब्रॉड, मीटर आणि नॅरो ही तिन्ही गेज मिरजेत कित्येक वर्षं एकत्र नांदली. २०१० च्या सुमारास मिरज–पंढरपूर पट्टाही ब्रॉडगेज झाला आणि नॅरोगेजचं बहुतेक लोखंड भंगारात गेलं. उरलंय ते मोजकं आहे आणि ते या भागातच राहावं असं मला मनापासून वाटतं.

सातबारा_बघा

पहिलं काम क्रेन बोलावण्याचं नाही, नोटिशीला लेखी उत्तर देण्याचं आहे. उत्तरात चार गोष्टी हव्यात. नोटीस मिळाली. सोबतच्या यादीतल्या वस्तू संस्थेच्या किंवा ठेवायला देणाऱ्यांच्या आहेत, जागेबरोबर विकल्या गेलेल्या नाहीत. अमुक तारखेपर्यंत त्या हलवू. तोवर ताबा संस्थेकडे राहील आणि क्रेन, ट्रेलर आत आणायला हरकत नसावी. खाली खरेदीदाराची सही घ्या. सही देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

कारण सांगतो. लायसन्स ही फक्त परवानगी असते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ नुसार मालकाने जागा विकली की नवा मालक त्या परवानगीला बांधील राहत नाही. म्हणजे 'आधीच्या मालकांनी शब्द दिला होता' हे खरं असलं तरी कामाला येत नाही. पण कलम ६३ तुमच्या बाजूचं आहे : परवानगी काढून घेतल्यावर जागा सोडायला आणि आपलं सामान न्यायला वाजवी मुदत मिळते. ९० दिवस कमी नाहीत. भांडणात घालवू नका.

आणि फाटकाची किल्ली शेवटची वाघीण बाहेर पडेपर्यंत सोडू नका. मालकी कितीही पक्की असली तरी दुसऱ्याच्या बंद फाटकाआडचं लोखंड काढायला कोर्टात जावं लागतं.

कृष्णाकाठ

@सातबारा_बघा, वकीलसाहेब, दोन शंका. संस्थेने तिथे शेड बांधली, रूळ टाकले, सिग्नल रोवले. कायमचं बांधकाम केलं की लायसन्स रद्द करता येत नाही ना, कलम ६०? शिवाय बारा वर्षांच्या वर ताबा आहे. त्याचा काहीच उपयोग नाही का?

सातबारा_बघा

दुसरी शंका आधी. नाही. मालकाच्या परवानगीने आलेला ताबा कितीही वर्षं चालला तरी प्रतिकूल ताबा (मालकाच्या हक्काविरुद्ध ठेवून मालकी मिळवून देणारा ताबा) होत नाही. (सरकारी जमिनीवर तर मुदतच ३० वर्षांची आहे.) हा मुद्दा उत्तरात घालूच नका. 'तुमची जागा आम्ही बळकावली' असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं.

कलम ६० चा मुद्दा जास्त नाजूक आहे. कायमस्वरूपी काम खर्च करून केलं असेल तर परवानगी रद्द होत नाही, हे कलमात आहे. पण करारातच 'मागाल तेव्हा जागा सोडू' असं लिहिलं असेल तर ते आधी बघितलं जातं, आणि अकरा महिन्यांच्या छापील मसुद्यात ते असतंच. त्याहून मोठी अडचण अशी की स्लीपरवर खिळ्यांनी बसवलेले आणि फिशप्लेटने (लोखंडी जोडपट्टीने) जोडलेले रूळ 'कायमस्वरूपी काम आहे' म्हणून एकदा कोर्टात मांडलं, तर उद्या 'ते सुटं सामान आहे, आम्ही उचलून नेतो' हे कुठल्या तोंडाने म्हणणार? दोन्ही दावे एकत्र उभे राहत नाहीत. संस्थेला जागा हवी की वस्तू, ते आधी ठरवा. माझं मत विचाराल तर वस्तू.

करार भाडेपट्ट्याचा असता तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ (ह) लागलं असतं. त्यात भाडेकरूने जमिनीत रोवलेलं सामान ताबा असेपर्यंत काढून नेता येतं, नंतर नाही, आणि जमीन होती तशी करून द्यावी लागते. मथितार्थ तोच, ताबा आहे तोवर काढा.

वडूजचा_गडी

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही म्हणतात, म्हणून सगळे तसलाच करतात. ते खरं आहे का ओ?

सातबारा_बघा

महाराष्ट्रात नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग महिने कितीही असोत. नव्या जागेच्या वेळी एवढं तरी पाळा.

धर्मादाय_फाईल

इथे एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. जागा गेली म्हणजे संस्था विसर्जित करायची असं नाही. घाईत सर्वसाधारण सभा बोलावून 'संस्था बंद' असा ठराव केला, तर वस्तू कुणाच्या नावावर हलवणार? सोसायटी विसर्जित करायला तीन-पंचमांश सभासद लागतात, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. तो मार्ग शेवटी आहेच. आज फक्त 'प्रदर्शन बंद, संग्रह स्थलांतरित' एवढाच ठराव करा.

त्याआधी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा (संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या आणि मालमत्तेच्या नोंदीचा) ताजा उतारा काढा. बऱ्याच छोट्या संस्थांचं गाडं इथेच अडतं. कार्यकारिणी तीनदा बदललेली असते पण बदल अर्ज दिलेला नसतो. तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. उताऱ्यावर जुनीच नावं, त्यातले दोघे वारलेले. अशा स्थितीत आजच्या अध्यक्षांच्या सहीला बँक, नवा जागामालक, वस्तू घेणारं दुसरं संग्रहालय, कुणीच किंमत देत नाही. उशिराचा अर्ज विलंब माफीसह आजच दाखल करा. निकाल ९० दिवसांत लागेलच असं नाही, पण दाखल केल्याचा क्रमांक हातात असला की निदान पुढची बोलणी तरी होतात.

परिशिष्टावर जंगम मालमत्ता म्हणून वाघिणी दाखवल्या आहेत का तेही बघा. पुष्कळदा 'फर्निचर व किरकोळ' एवढ्यावर भागवलेलं असतं.

डेपो_क्लार्क

मी मालकीच्या कागदांपुरतं लिहितो. प्रत्येक वस्तू चारपैकी एका खात्यात टाका : संस्थेने विकत घेतलेली, दान आलेली, कुणीतरी ठेवायला दिलेली, आणि रेल्वेने प्रदर्शनासाठी दिलेली. शेवटच्या दोन खात्यांना मालकाच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका. रेल्वेची वस्तू असेल तर देणाऱ्या कार्यालयाच्या मूळ पत्राचा जावक क्रमांक देऊन 'जागा बदलत आहोत' असं कळवा. मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं, पण वस्तू सोलापूर विभागाने दिली असेल तर पत्र सोलापूरलाच गेलं पाहिजे.

विकत घेतलेल्या मालाचे लिलावाचे कागद हवेत : विक्री आदेश, पैसे भरल्याची पावती, डिलिव्हरी ऑर्डर आणि गेटपास. रेल्वे संपत्ती (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ खाली रेल्वेचा माल सापडला तर तो रीतसर मिळाल्याचं ज्याच्याकडे आहे त्यानेच दाखवायचं असतं, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. ट्रेलरवर रूळ रचून निघालात आणि वाटेत कुणी हटकलं, तर 'संग्रहालयाचं आहे' हे उत्तर पुरत नाही. प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरकडे डिलिव्हरी ऑर्डरची प्रत, संस्थेच्या लेटरहेडवर वस्तूंची यादी, कुठून कुठे नेताय ते, आणि डिलिव्हरी चलन द्या. मालाची किंमत एक लाखाच्या वर धरली असेल तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं.

कागद नसलेल्या वस्तू निघतीलच. फिशप्लेट, खिळे, कंदील कुणीतरी पिशवीतून आणून दिलेले असतात. त्यांची वेगळी यादी करा, कुणाकडून आणि साधारण केव्हा ते लिहा, पण विकायला अजिबात काढू नका.

पाना_हातोडी

आता लोखंडाकडे येऊ. वाघिणींचं वजन किती धरलंय? अंदाजावर क्रेन ठरवू नका.

नॅरोगेज७६२

नक्की आकडा नाही काका. ५ टन आसभार गुणिले चार आस म्हणजे भरलेली बोगी वाघीण २० टनांच्या आत. रिकामी त्याच्या बरीच खाली असणार.

पाना_हातोडी

सोलबार बघा, म्हणजे चौकटीचा बाहेरचा लांब गर्डर. त्यावर टेअर, म्हणजे रिकाम्या वाघिणीचं, वजन रंगवलेलं असतं. वरून दोन-तीन हात रंग बसला असेल तर अंधार पडल्यावर बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड मारा. जुन्या अक्षरांच्या कडा किंचित उठून दिसतात. घासू नका, तो रंगच पुरावा आहे. शिवाय पहिली वाघीण ट्रेलरवर चढल्यावर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेऊन तिचं खरं वजन घ्या. दुसरीला तोच आकडा चालेल.

उचलायचे दोन मार्ग आहेत. हायड्राने (छोट्या चाकांवरच्या क्रेनने) उचलायचं असेल तर '१४ टनी हायड्रा' हे नाव ऐकून गाफील राहू नका. बूम आखडलेला आणि भार अगदी चाकांजवळ असेल तेव्हाच ती १४ टन पेलते. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने उतरते. केबिनमध्ये लोड चार्ट चिकटवलेला असतो, तो ऑपरेटरबरोबर उभं राहून वाचा. ६ टनांचा भार दोन पायांच्या स्लिंगवर (उचलायच्या पट्ट्यावर) घेतला आणि स्लिंगचा आडव्याशी कोन ६० अंश ठेवला तर प्रत्येक पायावर साधारण साडेतीन टन येतात. ४५ अंशाला सव्वाचार. ३० अंशाला पूर्ण सहा. उंची कमी पडते म्हणून स्लिंग पसरट लावतात आणि पट्टा तिथेच तुटतो. वर स्प्रेडर बीम (पट्टे लांब धरणारी आडवी तुळई) घ्या. पट्टे चौकटीखालूनच जायला हवेत, पत्र्याच्या अंगाला भार नको. जुना गंजका पत्रा पिळवटला की दाराची चौकट कायमची जाते.

बोगीचं वेगळंच दुखणं असतं. वाघिणीचं धड मधल्या पिव्हटवर नुसतं बसलेलं असतं, पण वर्षानुवर्षांच्या गंजाने ते धरून राहतं. धड उचललं, बोगी खाली लटकत वर आली आणि हातभर उंचीवर अचानक सुटली, की क्रेनला हिसका बसतो आणि खालच्या माणसाचे पाय जातात. आधी ब्रेकचे पुल रॉड आणि सेफ्टी चेन सोडा, पिव्हटच्या पिनेला खालून पाचर आहे का बघा, दोन दिवस तेल मुरू द्या. मग जॅकने एक टोक फक्त ५० मिलिमीटर उचलून बोगी जागेवर राहते का बघा. राहत नसेल तर ती धडाला साखळीने बांधून एकत्रच उचला.

ट्रेलरवाला_कराड

क्रेनशिवायही होतं आणि माझ्या मते या वाघिणींना तेच बरं. त्या अजून चाकांवर आहेत आणि खाली रूळ आहेत. लो-बेड ट्रेलर मार्गाच्या तोंडाशी सरळ रेषेत लावायचा, ६ मीटरचे दोन रूळ उतारासारखे टाकायचे, खाली स्लीपरचे थर. बेड ९०० मिलिमीटर उंच असेल तर चढ साधारण साडेसहाला एक पडतो. ६ टनांच्या वाघिणीला एक टनाच्या आसपास ओढ लागेल, आस नीट फिरत असतील तर. विंच ३ टनांची घ्या. दुसरी मोकळी साखळी कायम मागे ठेवा आणि दर हातभर वाघीण वर आली की चाकामागे पाचर सरकवत रहा. दोर तुटला तरी वाघीण हातभराच्या पलीकडे मागे येता कामा नये. दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

ओढण्याआधी अॅक्सल बॉक्सची झाकणं उघडा. आत लोकरीचा तेलकट बोळा असतो, तो आता दगडासारखा झालेला असेल, आणि हमखास कुंभारमाशीची मातीची घरटी सापडतील. सगळं खरवडून काढा, नवं तेल घाला, चाक जॅकवर अधांतरी घेऊन हाताने पूर्ण वेढा फिरवा. करकर वाजलं तर ओढू नका. जर्नल, म्हणजे आसाचं बॉक्समध्ये फिरणारं टोक, खरवडलं गेलं तर ते परत करून द्यायला आज माणूस मिळणं अवघड आहे.

मापं : बार्शी लाइटच्या मूळ मालवाघिणींची चौकट २५ फूट लांब, ७ फूट रुंद होती. तुमच्या त्याच घडणीच्या असतील तर रुंदी २.१३ मीटर. रस्त्यावरच्या गाडीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे रुंदीची खास परवानगी लागत नाही. मीटरगेजची वाघीण मात्र टेप लावून मोजा, तिच्या कडा बाहेर जाऊ शकतात आणि मग ओव्हरडायमेन्शन परवाना आला. उंचीची मर्यादा ४ मीटर. बेड धरून त्यावर गेलात तर हवा खेळवायचे डोम, झडपा असलं वरचं काढून ठेवा. विजेवरच्या रेल्वेमार्गाच्या फाटकावर हाईट गेज ४.६७ मीटरवर असतं, पण गावातल्या सर्व्हिस वायरी आणि रेल्वेखालचे बोगदे त्याहून खाली भेटतात. आदल्या दिवशी बांबूला खूण करून अख्खा रस्ता चालवून बघा.

ऊसपट्टा

तारखेचं कुणी बोललं नाही. ऊस हंगाम चालू असताना, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चअखेर, या भागात ट्रेलर, ट्रॅक्टर, हायड्रा काही वेळेवर मिळत नाही आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग असते. एप्रिल-मे उत्तम, काळी माती तेव्हा दगडासारखी टणक असते. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या आवारात १४ टनी क्रेन शिरणं विसरा, चाकं अशी रुततात की क्रेनच ओढायला पोकलेन बोलवावा लागतो. नोटिशीची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते बघून दोन-चार आठवडे मागेपुढे मागून घ्या. उत्तराच्या पत्रात हे कारण लिहिलं तर खरेदीदारालाही पटेल, त्याच्या जमिनीत खड्डे नको आहेत.

सिग्नल_पडला

सेमाफोरसाठी : खांब गॅस कटरने बुडाशी कापू नका, ही सगळ्यात सामान्य नासाडी आहे. आधी तरफेकडून येणारी तार सोडा, हात आणि रंगीत काचांची चौकट उतरवा (लाल-हिरव्या काचा वेगळ्या, फोममध्ये गुंडाळून), दिवा उतरवा, मग काउंटरवेट. काउंटरवेट काढताना तो तरफ झटक्याने खाली टाकतो, बोटं सांभाळा. शिडीचे बोल्ट सोडून शिडी वेगळी करा. खांबाला वरच्या तिसऱ्या भागात पट्टा अडकवून क्रेनने नुसता ताण द्या, मग भोवतीचं काँक्रीट ब्रेकरने फोडा. खांब मुळासकट निघतो आणि नव्या जागी त्याच उंचीला उभा राहतो.

लिव्हर फ्रेम सुटी करण्याआधी इंटरलॉकिंगचा (चुकीची तरफ ओढू न देणाऱ्या कुलूपबंदीचा) डबा उघडून वरून फोटो काढा, प्रत्येक तरफ एकेकदा ओढून त्या स्थितीतला वेगळा फोटो. लॉकिंगच्या पट्ट्या एकसारख्या दिसतात पण खाचा निराळ्या असतात. क्रम चुकला तर फ्रेम जुळते, पण कुलूपबंदी चुकते, आणि ती दाखवण्यासाठीच तर फ्रेम ठेवलेली असते.

पाना_हातोडी

रुळांचं मीही सांगतो. ३५ पौंडी असतील तर मीटरला सुमारे १७.४ किलो, म्हणजे ६ मीटरचा तुकडा १०४ किलो. चार माणसं चिमट्याने सहज उचलतात. ६० मीटर मार्गाचे दोन्ही रूळ मिळून दोन टनांवर थोडे. (ब्रॉडगेजचा ९० पौंडी १३ मीटरचा रूळ एकटाच ५८० किलो भरतो, त्यामानाने हे काम हलकं.) फिशबोल्टवर आदल्या दिवशी डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल अर्धंअर्धं करून ओता. निघतच नसेल तर नट कापा, रुळाचं भोक जाळू नका. प्रत्येक रुळाला डावा-उजवा आणि क्रमांक तैलरंगाने पोटावर, म्हणजे वेबवर घाला, आणि फिशप्लेट त्याच टोकाला तारेने बांधा. लाकडी स्लीपरचा डॉगस्पाईक (रूळ धरणारा खिळा) काढल्यावर भोकात लगेच लाकडी खुंटी ठोका, नाहीतर पावसाळ्यात आतून कुजतो.

आणि कुजके स्लीपर कुणी शेकोटीला नेऊ नका, देऊही नका. त्यात क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) असतं, धूर घातक आहे.

माहेर_कोरेगाव

मीटरगेज वाघीण 'बंद' प्रकारची म्हणता, पण कुठे डब्याचा किंवा बॉयलरचा सांगाडा, जुनी पाइपं असतील तर पांढरट राखाडी, दोऱ्या-दोऱ्यांचं आवरण बघून ठेवा. जुन्या रेल्वे सामानात अॅस्बेस्टॉस असू शकतो. दिसला तर झाडू नका, फोडू नका. पाण्याचा फवारा मारून ओला ठेवायचा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायचा आणि तो भाग सोडवायला माहीतगार माणूस आणायचा. साधा कापडी मास्क इथे पुरत नाही.

कागदांसाठी माझं कळकळीचं सांगणं आहे की लोखंडाच्या आधी ते हलवा. वर्किंग टाइमटेबल (कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक) आणि स्टेशन डायरीला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. दमट हवा आत अडकली की बुरशी धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात बांधून लोखंडी पेटीत आडवे ठेवा. नकाशे घडी न घालता जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, चित्राची बाजू बाहेर. प्रत्येक पानाचा ४०० डीपीआयने स्कॅन, फाईलच्या नावातच नोंदवहीचा क्रमांक, आणि तीन प्रती तीन वेगवेगळ्या घरी.

कृष्णाकाठ

मग न्यायचं कुठे? सगळा संग्रह एकत्रच राहिला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. वाघीण नागपूरला, टोकन यंत्र दिल्लीला गेलं तर मिरजेचं काय राहिलं?

नॅरोगेज७६२

भावना माझीही तीच आहे दादा, पण इंग्लंडातली दोन उदाहरणं बघा. डर्बीशायरमधलं डिंटिंगचं केंद्र १९६८ पासून स्वयंसेवक चालवत होते. जागा त्यांची नव्हती, भाडेपट्टा पुढे चालू राहिला नाही आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. पण चालत्या हेरिटेज लाईनवर, कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेच्या इनग्रोला, त्यांना जागा मिळाली आणि संस्था, इंजिनं, अवजारं बरोबर गेली. दुसरीकडे कॉव्हेन्ट्री विमानतळालगतचं विजेच्या गाड्यांचं संग्रहालय २०१७ मध्ये जागेपायीच बंद झालं, आणि गाड्या वेगवेगळ्या ठिकाणी पांगल्या. एकत्र घेणारा कुणी असेल तर एकत्र. नसेल तर निदान गट फोडू नका : सिग्नल, तरफा आणि तारा एक गट, दोन्ही टोकन यंत्रं एक गट, वाघिणी आणि रूळ एक गट. टोकन यंत्र जोडीतच काम करतं, एकटं नेलं तर ती नुसती लोखंडी पेटी.

नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय, दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय यांना पत्र जरूर पाठवा, पण पहिली विचारणा कुर्डुवाडीच्या रेल्वे कार्यशाळेला करावी. ती कार्यशाळाच बार्शी लाइटची.

वडूजचा_गडी

रेल्वेचीच स्टेशनालगतची मोकळी जागा मागितली तर? फुकट नाहीतर नाममात्र भाड्याने.

सातबारा_बघा

मिळाली तर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पुणे–मिरज दुहेरीकरणात लाईनलगतची जागा रेल्वेलाच लागलेली आहे, पुढेही लागेल. रेल्वेची जागा 'सार्वजनिक जागा' ठरते, तिथे १९७१ चा अनधिकृत भोगवटादार निष्कासन कायदा लागतो. लायसन्स संपलं की इस्टेट ऑफिसरची कारणे दाखवा नोटीस, मग आदेश, आणि त्यावर अपील करायला जिल्हा न्यायाधीशांकडे फक्त १२ दिवस. मुदत संपल्यापासून नुकसानभरपाईही चढत राहते. खासगी मालकाशी जशी चहावर बोलणी होतात तशी तिथे होत नाहीत.

नव्या कुठल्याही करारात हे घालून घ्या : किमान दहा वर्षं, नोंदणीकृत भाडेपट्टा (वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय टिकत नाही), सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद, जागा विकली तरी पट्टा खरेदीदारावर बंधनकारक, रिकामी करायला सहा महिन्यांची नोटीस आणि ते महिने पावसाळ्यात येणार नाहीत अशी अट, आणि संग्रहाच्या वस्तूंची यादी परिशिष्ट म्हणून जोडलेली, दोघांच्या सह्यांसह.

ऊसपट्टा

आणि पूररेषा! जागा बघायला जाताना पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा बरोबर घ्या. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा तिथे ५७ फुटांवर गेली होती. स्वस्तात शेड मिळतेय म्हणून लाल रेषेच्या आत गेलात तर अॅक्सल बॉक्समध्ये गाळ आणि कागदांचा लगदा. जागा चांगलीच पण रेषेच्या जवळ असेल तर वाघिणी खाली चालतील, टोकन यंत्रं आणि कागद वरच्या मजल्यावर.

पाना_हातोडी

नवी जागा ठरेपर्यंत तात्पुरतं कुठे ठेवणार असाल तर वाघिणी मातीवर उभ्या करू नका. दोन रूळ स्लीपरसकट आधी टाका, मग वाघीण. चारी चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, हँडब्रेक आवळू नका, गंजून कायमचा बसतो. ताडपत्री थेट पत्र्यावर नको, मध्ये बांबूचा सांगाडा करून हवा खेळती ठेवा. आणि अॅक्सल बॉक्सच्या झाकणाच्या फटीत ग्रीस भरा, कुंभारमाशी पुन्हा येतेच.

नॅरोगेज७६२

सगळ्यांचे आभार. पत्राचा मसुदा @सातबारा_बघा यांनी सांगितल्याप्रमाणे करून संस्थेला देतो. वस्तूंच्या चार खात्यांच्या यादीचा कोरा तक्ता उद्या इथेच टाकतो : क्रमांक, वस्तू, माप, अंदाजे वजन, मालकीचं खातं, कागद क्रमांक, गट, फोटो क्रमांक, कोणत्या गाडीने गेली, कुणी उतरवून घेतली. ज्यांच्याकडे टोकन यंत्राच्या आतल्या जोडणीचा आराखडा असेल त्यांनी स्पष्ट फोटो टाकावा. दोन्ही यंत्रांच्या तारा सोडण्याआधी तो हवा आहे.